सीबीटीचा खर्च : ताटाचा दर नको, कार्याचा हिशेब विचारा

लग्न ठरलं की केटररला पहिला प्रश्न जातो, ‘ताट कितीला?’ पण तेवढ्यावर कोणी थांबत नाही. किती पानं धरायची, सकाळचा नाश्ता त्यातच का, वाढप्यांचे पैसे वेगळे का, पानं वाढली तर काय, हे सगळं विचारून झाल्याशिवाय कोणी विसार देत नाही. मानसोपचाराच्या दारात मात्र आपण एकच प्रश्न विचारतो : ‘एका सेशनचे किती?’ समोरून आकडा येतो. तो ऐकून आपण एक तर फोन ठेवतो, नाही तर मुकाट्याने जायला लागतो. किती वेळा जायचं, कशासाठी जायचं आणि थांबायचं कधी, हे संकोचापोटी विचारायचं राहूनच जातं.

हे मार्गदर्शन त्या राहून गेलेल्या प्रश्नांसाठी आहे, आणि ते एकाच उपचारपद्धतीपुरतं आहे : बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे बोलीभाषेतलं सीबीटी. नैराश्य, चिंता, पॅनिक, ओसीडी, निद्रानाश या तक्रारींवर ही पद्धत जगभर वापरली जाते. ग्राहकाच्या दृष्टीने तिची एक मोठी सोय आहे. तिला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, त्यामुळे तिचा हिशेब मांडता येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दरांची तुलना करत बसू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक फिरवा. हिशेब नंतर करता येतो.

पैसे नेमके कशाचे?

समजा, साहेबांना मेसेज केला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. एकजण म्हणतो, ‘मीटिंगमध्ये असतील.’ दुसऱ्याच्या मनात येतं, ‘माझं काहीतरी चुकलंय. आता बदली होणार. घराचा हप्ता कसा भरायचा?’ घटना तीच, पण दुसऱ्याची त्या रात्रीची झोप गेली. घटना आणि झोप यांच्यामध्ये जो विचार क्षणात येऊन गेला, त्याला पकडायचं, तपासायचं आणि त्याच्यावर उभी राहिलेली वागणूक बदलायची, हे सीबीटीचं काम.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आणि फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात, असे दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी हे काम सुरू केलं. बेक मुळात फ्रॉइडच्या परंपरेतले. नैराश्यग्रस्तांच्या मनात दडलेला राग शोधायला ते निघाले, आणि त्यांना सापडली आपोआप उमटणाऱ्या, स्वतःलाच कमी लेखणाऱ्या विचारांची रांग. त्याच काळात लक्ष, स्मृती आणि विचार यांचा प्रयोगांतून अभ्यास करणारं बोधात्मक मानसशास्त्र उभं राहत होतं. उल्रिक नायसर यांच्या १९६७च्या पुस्तकाने त्या शाखेचं नाव रूढ केलं. मन माहितीवर प्रक्रिया करतं आणि त्या प्रक्रियेत ठरावीक चुका करतं, हे तिचं म्हणणं उपचाराच्या खोलीतही उपयोगी पडलं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केलेले कि. मो. फडके यांनी मुंबईत एलिस यांचा ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ शिकवला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने तो मराठी घरांपर्यंत नेला. त्यामुळे उपचारक तुमच्याशी तुमच्या भाषेत हे काम करू शकेल का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘लोक काय म्हणतील’ किंवा ‘माझ्याच्यानं नाही व्हायचं’ हे विचार मराठीतच येतात. ते आधी इंग्रजीत आणायचे आणि मग तपासायचे, यात अर्धी धार जाते. पैसे मात्र पूर्ण जातात.

कोणाचं दार ठोठावायचं?

दर कळण्याआधी माणूस कळला पाहिजे. तीन पाट्या तुम्हाला दिसतील.

*मनोविकारतज्ज्ञ* हे डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा पदविका केलेली असते. मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते आणि औषधं लिहिण्याचा अधिकार असतो. गर्दीच्या ओपीडीत त्यांच्याकडे एका रुग्णासाठी पंधरा-वीस मिनिटं असतात. निदान आणि गोळ्या यांसाठी तेवढा वेळ पुरतो, सीबीटीला पुरत नाही. म्हणून बरेच डॉक्टर त्यासाठी मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात.

*चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ*, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मानसशास्त्रातल्या एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल ही यांची आजवरची ओळखीची वाट. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागितला तर कोणाला राग येण्याचं कारण नाही. हे औषध लिहू शकत नाहीत.

*समुपदेशक* या पाटीखाली मात्र सगळं येतं. एमए करून, वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शिकून उत्तम सीबीटी करणारेही येतात आणि दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून कार्ड छापणारेही. इथे पाटी पाहून काही कळत नाही, विचारावंच लागतं : सीबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, किती काळ, आणि आजही कोणा ज्येष्ठांशी केसेसची चर्चा करता का?

तक्रार जुनी किंवा तीव्र असेल, भास होत असतील, जेवण-झोप पार बिघडली असेल, तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाचीच घ्या. थायरॉइडसारखं शारीरिक कारण आहे का, तेही तिथेच तपासलं जातं. ती एक फी वाचवायला गेलात, तर पुढची दहा सेशन चुकीच्या वाटेवर जाऊ शकतात.

दर काय आहेत?

पुढचे आकडे म्हणजे छापील दरपत्रक नव्हे. शहर, अनुभव आणि जागेचं भाडं यांनुसार ते बरेच खालीवर होतात. फोन करण्याआधी अंदाज यावा, एवढ्यापुरतेच ते धरा.

- मनोविकारतज्ज्ञाची पहिली भेट : मुंबई-पुण्यात साधारण १,००० ते २,५०० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ४०० ते १,०००. पुढच्या भेटी बहुधा स्वस्त.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं ४५ ते ६० मिनिटांचं सेशन : मुंबई-पुण्यात १,२०० ते ३,०००, नावाजलेल्यांचं त्याहून जास्त. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे ६०० ते १,५००.
- अनुभवी समुपदेशक : ५०० ते १,५००.
- ऑनलाइन सेशन : ६०० ते २,०००. त्याच तज्ज्ञाचं प्रत्यक्ष आणि ऑनलाइन सेशन अनेकदा एकाच दराचं असतं. वाचतो तो रिक्षाचा खर्च आणि वेळ.
- धर्मादाय संस्था आणि स्वयंसेवी केंद्रं : १०० ते ६००. उत्पन्न पाहून फी कमी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.
- मानसशास्त्रीय चाचण्यांचा संच : १,५०० ते ६,०००.

चाचण्यांपाशी जरा थांबू. सीबीटी सुरू करायला महागडा संच प्रत्येकाला लागत नाही. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ या प्रश्नावल्या मोफत वापरता येतात. पाच मिनिटांत भरून होतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरता येतात. ‘आधी पाच हजारांच्या टेस्ट करा, मग बोलू’ असं कोणी म्हणालं, तर ‘या टेस्टमुळे उपचारात नेमकं काय बदलेल?’ हे विचारा. बुद्ध्यांक, स्मृतिभ्रंश किंवा प्रमाणपत्राचा प्रश्न असेल तेव्हा चाचण्यांना खरंच काम असतं.

किती वेळा जायचं?

सगळ्या हिशेबाची किल्ली या प्रश्नात आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी तिथली नाइस ही संस्था जी मार्गदर्शक तत्त्वं काढते, त्यांत याची उत्तरं आकड्यांत दिलेली आहेत. सततच्या चिंतेसाठी १२ ते १५ सेशन, पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तास, नैराश्यासाठी तीव्रतेप्रमाणे साधारण ८ ते १६. निद्रानाशाच्या सीबीटीला बहुधा ६ ते ८ भेटी पुरतात. २०१६ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार करावा, अशी शिफारस केली. झोपेच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं होणारा खर्च एकदा मांडून पाहा, म्हणजे या सहा-आठ भेटी महाग वाटणार नाहीत.

तुमच्या आकड्यात फरक पडेल. लहानपणापासूनच्या जखमा, व्यसन, एकात एक गुंतलेल्या दोन-तीन तक्रारी असतील, तर जास्त भेटी लागतात आणि प्रामाणिक उपचारक ते आधीच सांगतो. हमी कोणी देऊ शकत नाही, अंदाज मात्र प्रत्येकाने द्यायला हवा. ‘आपण सहा भेटी करू, मग मागे वळून काय बदललं ते पाहू आणि पुढचं ठरवू’ हे चांगलं उत्तर. ‘ते काही सांगता येत नाही, येत राहा’ हे उत्तर मिळालं, तर विसार देऊ नका.

आठवड्यातून एकदाच का, असं वाटेल. दोन भेटींमधला आठवडा ही या उपचाराची प्रयोगशाळा असते. लिफ्टची भीती असलेला माणूस लिफ्ट टाळतो तोवर ती सुरक्षित आहे हे त्याला कळायची संधीच मिळत नाही, आणि भीती तशीच टिकते. खोलीत बसून ती जात नाही. सोमवारी पहिल्या मजल्यापर्यंत, बुधवारी तिसऱ्या मजल्यापर्यंत, असं जावं लागतं. त्या सोमवार-बुधवारचं बिल कोणी लावत नाही. उपचाराचा हा भाग फुकट असतो, आणि आपण तोच सर्वांत जास्त बुडवतो.

बिलात न दिसणारे खर्च

येण्याजाण्याचं भाडं, अर्ध्या दिवसाची रजा आणि रोजंदारीवरच्या माणसाची बुडालेली हजेरी, यांचा खरा भार फीपेक्षाही मोठा असू शकतो. त्यासाठी संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मिळते का ते विचारा. दर तिसरी भेट ऑनलाइन घेता येईल का, तेही विचारा.

रद्द केलेल्या भेटीचे पैसे हा दुसरा खड्डा. चोवीस तास आधी न कळवल्यास पूर्ण किंवा अर्धी फी घेण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती रास्तही आहे, कारण तो तास तुमच्यासाठी राखलेला असतो. मात्र हा नियम पहिल्याच दिवशी कळायला हवा.

औषधं चालू असतील तर त्यांचा खर्च वेगळा. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. तेच औषध तिथे बरंच स्वस्त पडतं. पैसे वाचवायला गोळी मध्येच बंद करण्याचा उद्योग करू नका. तीव्र नैराश्यात गोळ्या आणि सीबीटी हातात हात घालून चालतात.

आणि एक वही. पन्नास रुपयांची, दोनशे पानी. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

तीन हिशेब

ही माणसं कल्पित आहेत, बेरीज मात्र खरी आहे.

*पहिला.* पुण्यात नोकरी करणारी तरुणी, सततची चिंता. डॉक्टरांची एक भेट २,००० रुपये. १,५०० रुपयांची १२ सेशन, म्हणजे १८,०००. उपचार संपल्यावर एक-दीड महिन्याच्या अंतराने दोन उजळणीच्या भेटी, ३,०००. एकूण १५ फेऱ्या, प्रत्येकी २०० रुपये रिक्षा, म्हणजे ३,०००. वही ५० रुपये. एकंदर २६,०५० रुपये, सहा-सात महिन्यांत.

*दुसरा.* तिचाच सहकारी, तीच तक्रार. त्याने ‘स्वस्त’ म्हणून ७०० रुपयांचं सेशन निवडलं. आराखडा नाही, गृहपाठ नाही, दर आठवड्याला मन मोकळं करून यायचं. बरं वाटायचं म्हणून जात राहिला. साठ आठवड्यांत ४२,००० रुपये फी आणि १२,००० रुपये रिक्षा, एकूण ५४,०००. ताट निम्म्याहून कमी दराचं, कार्य दुपटीने महाग. मन मोकळं करण्यालाही किंमत आहे आणि कोणाला तेच हवं असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त सीबीटीच्या नावाने त्याचे पैसे देऊ नका.

*तिसरा.* तालुक्याच्या गावातली गृहिणी, नैराश्य. जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट. खिशातून जातात ते बसचे पैसे आणि अख्खा दिवस. अडचण वेगळीच असते. तिथे मानसशास्त्रज्ञाचा वेळ कमी आणि रांग मोठी. म्हणून ओपीडीचे वार आधी विचारून जा, आणि ‘गोळ्यांबरोबर समुपदेशनाची वेळ मिळेल का?’ हे तोंडाने मागा. न मागता बहुधा फक्त चिठ्ठी मिळते.

खिसा हलका असेल तर

टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर पूर्ण सीबीटी होईल अशी अपेक्षा ठेवू नका, पण कुठे जायचं हे कळण्यासाठी आणि अवघड रात्र पार पडण्यासाठी हा क्रमांक जवळ असावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही दूरध्वनी-समुपदेशन सेवाही मोफत आहे.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. दाखल व्हावं न लागता बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येतं. गोव्यात बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतही नाममात्र खर्चात काम होतं. ज्या संस्थांत क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण दिलं जातं, तिथे प्रशिक्षणार्थी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली सेशन घेतात. नवखा माणूस म्हणून नाक मुरडू नका. त्याच्या प्रत्येक केसवर दुसऱ्या कोणाची नजर असते, ही चैन महागड्या क्लिनिकातही मिळेलच असं नाही.

स्वस्त म्हणजे कच्चं, हा समज गोव्यातल्या एका अभ्यासाने खोटा ठरवला. संगाथ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटींचा उपचार केला. पद्धत सीबीटीच्याच घराण्यातली होती : अंथरुणाला खिळलेल्या दिवसात एकेक काम परत आणायचं. ४९५ रुग्णांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच, पण थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. यातून ग्राहकाने घ्यायचं ते एवढंच : भिंतीवरच्या पदवीइतकंच ठरलेल्या आराखड्याला, शिस्तीला आणि देखरेखीला मोल आहे.

नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर मनुष्यबळ विभागाच्या कागदांत एकदा पाहा. काही मोफत सेशनची सोय अनेक कंपन्या करून ठेवतात आणि ती वापरलीच जात नाही. कोण आलं होतं हे कंपनीला कळतं का, ते मात्र आधी विचारा.

आणि ग्रंथालय. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी वाचली, तर या पद्धतीचा तोंडावळा घरबसल्या कळतो. सौम्य तक्रारीत वाचनाचाही आधार होतो. तीव्र तक्रारीत पुस्तक उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

विम्याचं काय?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. ऐकायला हे मोठं वाटतं, पण ‘त्याच आधारावर’ या शब्दांतच मेख आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात. सर्दीपडशाच्या ओपीडीचे पैसे त्या देत नाहीत, तसे सीबीटीच्या सेशनचेही देत नाहीत. ओपीडीचा जोडविमा घेतला असेल तर मिळू शकतात. त्यातही मानसशास्त्रज्ञाची फी धरतात की फक्त डॉक्टरांची, याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या. प्रत्येक भेटीची पावती मागा. त्यावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. विमा घेताना चालू उपचार लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून समोर ठेवा. मन अस्वस्थ असताना आयत्या वेळी आठवत नाही.

१. तुमची पदवी आणि नोंदणी कोणती?
२. माझ्या तक्रारीवर तुम्ही सीबीटीने काम करता का? आधी केलंय का?
३. साधारण किती भेटी धरू? पहिला आढावा कितव्या भेटीला?
४. एक सेशन किती मिनिटांचं, आणि पहिल्या भेटीची फी वेगळी आहे का?
५. भेट रद्द झाली तर काय?
६. फी जड जाते. सवलत आहे का, की दोन आठवड्यांतून एकदा आलो तर चालेल?
७. सेशन मराठीत होईल का?
८. घरच्यांना काय सांगितलं जाईल आणि काय नाही?

सहावा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण इथे गप्प बसतो आणि चौथ्या भेटीनंतर न सांगता जायचं बंद करतो. अर्धवट सोडलेला उपचार सर्वांत महाग पडतो, कारण पैसे गेले आणि ‘मला कशानेच बरं वाटत नाही’ हा नवा विचार पदरात पडला.

पैसे वाया चालल्याच्या खुणा

दहा-वीस सेशनचं पॅकेज आगाऊ विकायला पाहणारे, ‘शंभर टक्के खात्री’ देणारे, डॉक्टर नसताना गोळ्या बंद करायला सांगणारे, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणारे, यांच्याकडून उठून यावं. आगाऊ भरलेले पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उपचारातली गोपनीयता हा उपकार नाही, मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

काही खुणा सौम्य असतात. चार भेटी झाल्या आणि तरी उद्दिष्ट लिहिलं गेलं नाही. दर वेळी ‘मग, आठवडा कसा गेला?’ इथून सुरू होऊन तिथेच संपतं. मागच्या गृहपाठाची विचारपूस होत नाही. अशा वेळी उपचारक लगेच बदलू नका. ‘आपण कुठवर आलो?’ असं सरळ विचारा. चांगला उपचारक या प्रश्नाने सुखावतो.

आरसा स्वतःपुढेही धरा. गृहपाठ केला नाही, निम्म्या भेटी बुडवल्या, खरी गोष्ट सांगितलीच नाही, तर सेशनचा दर आपणच दुप्पट केला.

थांबायचं कधी?

पीएचक्यू-९चे गुण ० ते २७ असतात. पहिल्या दिवशी १७ होते, सहाव्या भेटीला ११, बाराव्या भेटीला ५. अशी घसरण कागदावर दिसली की भेटी पंधरवड्यावर न्याव्यात, मग महिन्यावर. पाच गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. सहा-आठ भेटींनंतरही आकडा जागचा हलला नाही, तर त्याच वाटेवर पैसे ओतण्यापेक्षा निदान, औषध किंवा पद्धत बदलण्याबद्दल बोलण्याची ती वेळ आहे.

हे सगळं लिहून का ठेवायचं? मन खचलेलं असताना स्मृती पक्षपाती होते. तिला वाईट तेवढंच आठवतं. ‘आठवडाभर काही धड झालं नाही’ म्हणणाऱ्याच्या वहीत बुधवारी भाचीबरोबर पत्ते खेळल्याची नोंद निघते, शुक्रवारी न घाबरता साहेबांना फोन केल्याची निघते. मनाच्या हिशेबात या रकमा जमा झालेल्याच नसतात.

वहीच्या शेवटच्या दोन पानांवर, उपचार संपताना, उपचारक एक यादी करून घेतो : माझा तोल जाऊ लागला की पहिली खूण कोणती, कोणता विचार पुन्हा डोकं काढतो, तेव्हा मी काय करायचं, कोणाला फोन करायचा. पहिल्या हिशेबातल्या २६,०५० रुपयांपैकी सहा-सात महिन्यांनी हातात उरते ती पन्नास रुपयांची वहीच. दोन वर्षांनी रात्री दोन वाजता पुन्हा ‘आता बदली होणार’ असं वाटलं, तर ती उघडायला कोणाची वेळ घ्यावी लागत नाही.